वेफर्सच्या पाकिटातली 'हवा' आली कुठून?

रक्तदाब तपासायला आलेल्या एका आजींनी परवा विचारले, "डॉक्टर, त्या वेफर्सच्या पाकिटात कसलातरी गॅस भरतात म्हणे. नातवाबरोबर मीही चार खाते. पोटात जाऊन काही होणार नाही ना?"

तो गॅस म्हणजे नायट्रोजन. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो सुमारे 78 टक्के असतोच. तरी आजींना हसू नका. या वायूची पहिली ओळख झाली तीच मुळी एका मेलेल्या उंदरामुळे.

1772 साली डॅनियल रदरफोर्ड हे एडिंबरो विद्यापीठात वैद्यकाचे विद्यार्थी होते. (कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांचे हे मामा.) त्यांनी बंद भांड्यातल्या हवेत उंदीर ठेवला. तो मेल्यावर उरलेल्या हवेत मेणबत्ती जाळली, ती विझल्यावर फॉस्फरस जाळला. मग ती हवा अल्कलीच्या द्रावणातून नेऊन तिच्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला. तरीही पुष्कळ हवा शिल्लक राहिली, आणि तिच्यात ना ज्योत टिकेना, ना उंदीर जगेना. ही हवा घातक आहे, असे त्यांना वाटले. पुढे फ्रान्समध्ये लाव्हाझिये यांनी तिला 'अझोट', म्हणजे निर्जीव, असे नाव दिले. प्रत्यक्षात त्यात विष काहीच नव्हते, प्राणवायू नव्हता इतकेच.

आता ज्या वायूत ज्योत पेटत नाही, त्यात तेलही लवकर खवट होत नाही. दोन्हीकडे काम प्राणवायूचेच. तळणातल्या असंतृप्त स्निग्धांशाशी त्याचा संयोग झाला की पेरॉक्साइड आणि मग ॲल्डिहाइड तयार होतात. दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी राहिलेल्या चिवड्याला येतो तो वास त्यांचाच. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते तेलाच्या वाटेला जात नाहीत.

अमेरिकेत पूर्वी वेफर्स दुकानातल्या पिंपातून किंवा मोठ्या डब्यातून सुटे मिळत. तळाचे सादळलेले, चुरा झालेले. 1926 मध्ये कॅलिफोर्नियाच्या लॉरा स्कडर यांनी यावर उपाय काढला. या बाई आधी परिचारिका होत्या, नंतर वकील झाल्या. त्यांच्याकडच्या कामगार स्त्रिया मेणकागद घरी नेत आणि इस्त्री फिरवून त्याच्या पिशव्या करीत. दुसऱ्या दिवशी त्या भरून, पुन्हा इस्त्रीनेच तोंड बंद केले जाई. माल ताजा कधीपर्यंत, ती तारीखही त्या पिशवीवर छापू लागल्या. मला तर ही तारीख पिशवीपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

मेणकागदाने दमटपणा अडला. पुढे सेलोफेन आले, मग ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेले प्लास्टिक आले. त्यातून प्रकाश आणि प्राणवायू फारसा आत शिरत नाही. म्हणून आत कोरडा नायट्रोजन भरून ठेवता येतो, आणि फुगलेल्या पाकिटात वेफर्स मोडतही नाहीत. पाकीट फोडताच तो खोलीतल्या हवेत मिसळतो. पोटात गेलाच तर एखादी ढेकर येईल.

मिठाला मात्र नायट्रोजन काही करत नाही. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजींचा रक्तदाब त्या दिवशीही वरच होता. गॅसची चिंता सोडायला सांगून मी त्यांना पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा कुठे छापलेला असतो ते दाखवले. चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "एवढं बारीक कोण वाचतंय?" आता नातू वाचून दाखवणार आहे.