पडद्यावरचे दुकान आणि बोलण्याची किंमत

आठवड्याच्या बाजारात वांगी घ्यायची झाली तर आपण काय करतो? देठ बघतो, दाबून पाहतो, कीड आहे का ते पारखतो आणि मग भाव करतो. बैल घ्यायचा तर दात मोजतो, चार पावले चालवून पाहतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी शेवटचा कौल आपले डोळे आणि हात देतात. पण गेल्या पन्नास वर्षांत असे एक दुकान निघाले, की जिथे गिऱ्हाइकाच्या हाताला माल लागतच नाही. माल पडद्यावर दिसतो, कोणीतरी त्याविषयी बोलतो आणि आपण घरबसल्या फोन लावतो. वस्तू येते मागाहून. आधी विकला जातो तो शब्द. म्हणूनच या धंद्यात जे मोठे कज्जे झाले, त्यांत फिरून फिरून एकच प्रश्न पुढे आलेला दिसतो : पडद्यावर जे बोलले गेले ते खरे होते का, आणि खरे नसेल तर त्याची भरपाई कोणी करायची?

या दूरचित्रवाणीच्या दुकानाचा जन्म रेडिओवर झाला, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. गोष्ट १९७७ सालची. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचे गाव आहे. तिथल्या एका लहानशा रेडिओ केंद्राचे मालक होते लोवेल पॅक्सन. त्यांच्या एका जाहिरातदाराला जाहिरातीचे पैसे देणे जमेना. तेव्हा त्याने पैशांऐवजी डबे उघडण्याची हिरव्या रंगाची ११२ यंत्रे आणून दिली. आता या यंत्रांचे करायचे काय? पॅक्सन यांनी आपल्या निवेदकाला, बॉब सर्कोस्टा यांना, ती ध्वनिक्षेपकावरूनच विकायला सांगितली. किंमत ९ डॉलर ९५ सेंट. सारी यंत्रे हातोहात खपली. बुडीत येणे वसूल करण्याच्या या खटपटीतून एक नवा धंदा उभा राहिला.

पुढे १९८२ साली रॉय स्पीअर या भागीदाराबरोबर पॅक्सन यांनी टँपा शहराच्या परिसरात केबलवर खरेदीची वाहिनी काढली. १९८५ साली ‘होम शॉपिंग नेटवर्क’ या नावाने ती देशभर दिसू लागली. १९८६ साली कंपनीचे भाग बाजारात आले आणि त्यांचे भाव पाहता पाहता कितीतरी पट चढले. हे पाहून दुसरे का मागे राहतील? त्याच वर्षी जोसेफ सेगेल यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यात ‘क्यूव्हीसी’ ही वाहिनी सुरू केली. ही तीन अक्षरे म्हणजे गुणवत्ता, मोल आणि सोय या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. या दोन कंपन्या तीस वर्षे एकमेकींशी झुंजल्या आणि २०१७ च्या अखेरीस क्यूव्हीसीच्या मालक कंपनीनेच होम शॉपिंग नेटवर्क विकत घेतले.

आता पडद्यामागे जरा डोकावू. समोर हसतमुख निवेदक एखादी अंगठी किंवा एखादे भांडे फिरवून दाखवत असतो. शेजारणीशी गप्पा माराव्यात तसा त्याचा सूर असतो. पण त्याच्या कानात एक लहान यंत्र बसवलेले असते आणि त्यातून निर्माता सारखा सूचना देत असतो. कॅमेऱ्याजवळच्या पडद्यावर दर मिनिटाला किती नग गेले याचे आकडे हलत असतात. एखाद्या वाक्याला फोन वाढले की तेच वाक्य फिरून म्हणायचे. मागणी मंदावली की वस्तू बदलायची. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटे धावते, उरलेले नग कमी कमी होत जातात. आपल्याला वाटते, हा माणूस आपल्याशी बोलतो आहे. खरे पाहता तो आकड्यांशी बोलत असतो. यात गुन्हा काही नाही, तो धंदाच आहे. बाजारातला फेरीवालाही गिऱ्हाइकाचा चेहरा वाचूनच सूर बदलतो. फरक एवढाच, की फेरीवाल्याचा चेहरा आपल्यालाही वाचता येतो.

या धंद्यातला पहिला गाजलेला खटला मात्र गिऱ्हाइकाने भरलेला नव्हता. तो भरला खुद्द होम शॉपिंग नेटवर्कने. भागांचे भाव उतरू लागले होते आणि विक्री अपेक्षेएवढी होत नव्हती. असे का, याची चर्चा सुरू झाली. कंपनीने बोट दाखवले ते फोनकडे. जीटीई नावाच्या टेलिफोन कंपनीची यंत्रणा सदोष आहे, गिऱ्हाइकांचे फोन आमच्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून आमचा धंदा बुडाला, असे तिचे म्हणणे. १९८७ साली तिने दीड अब्ज डॉलरचा दावा ठोकला. जीटीईनेही उलट दावा केला : आमच्यावर खोटे आळ घेऊन तुम्ही आमची अब्रू घालवली. १९८९ साली क्लिअरवॉटरच्या ज्यूरीने निकाल दिला. होम शॉपिंग नेटवर्कचा दावा फेटाळला गेला, आणि बदनामीपोटी जीटीईला १० कोटी डॉलर द्यावेत असे ज्यूरीने ठरवले. पुढे दोन्ही पक्षांनी आपसात तडजोड केली. पण बोध काय झाला पाहा! ज्या कंपनीचे सारे भांडवल बोलण्यात होते, ती बोलण्यापायीच अडचणीत आली. पडद्यावर “ही संधी पुन्हा नाही” म्हटले की कोणी पुरावा मागत नाही. कोर्टात मात्र प्रत्येक वाक्याचा पुरावा मागतात.

दुसऱ्या प्रकारचे खटले अधिक गंभीर होते, कारण त्यांत प्रश्न माणसाच्या शरीराचा होता. अंगठीत फसलो तर पैसे जातात. औषधात फसलो तर पैशांबरोबर वेळ जातो, आणि आजार वेळेची वाट पाहत नाही. अमेरिकेत व्यापारातील फसवणुकीवर नजर ठेवणारे ‘फेडरल ट्रेड कमिशन’ आहे. तोंडात मारायचे जीवनसत्त्वांचे फवारे आणि धूम्रपान सोडवणारा फवारा यांचे गुण पुराव्यावाचून सांगितले, असा आक्षेप त्याने १९९५ साली होम शॉपिंग नेटवर्कवर घेतला. १९९६ साली हुकूम झाला की शास्त्रीय पुरावा असल्याशिवाय असे दावे करू नयेत. हा हुकूम मोडल्याच्या आरोपावरून १९९९ साली कंपनीला ११ लाख डॉलरचा दंड भरावा लागला. क्यूव्हीसीचीही तीच गत. तिच्याविरुद्ध २००० साली हुकूम झाला. तो मोडल्याचा आरोप ठेवून २००४ साली तिला कोर्टात खेचण्यात आले. वजन उतरवणाऱ्या गोळ्या, थकवा घालवणारी मधमाशांची ‘रॉयल जेली’, मांड्यांची चरबी कमी करणारा लेप, असा तो सारा माल. २००९ साली तडजोड झाली. त्यात ६० लाख डॉलर गिऱ्हाइकांना परत देण्यासाठी आणि १५ लाख डॉलर दंडाचे, असे ७५ लाख डॉलर क्यूव्हीसीला मोजावे लागले.

तुम्ही म्हणाल, हे झाले अमेरिकेचे. आपल्या इकडे काय? आपल्याकडे मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले. १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग फोनवरून खरेदीचे लांबलचक कार्यक्रमही आले. व्यायामाची यंत्रे, पोट आवळणारे पट्टे, न चिकटणारे तवे! २००८ साली ‘होमशॉप१८’ ही चोवीस तास खरेदीची वाहिनी निघाली. पाठोपाठ आणखी आल्या. त्यांचे कार्यक्रम खेड्यापाड्यांतही पोचले. मोठे दुकान जिथे चाळीस मैलांवर, तिथे हे दुकान थेट ओसरीवर आले, ही त्यातली खरी सोय. ती नाकारण्याचे कारण नाही. पण सोयीबरोबर तीच जुनी युक्तीही आली.

‘नापतोल’ कंपनीचे प्रकरण या दृष्टीने समजून घेण्याजोगे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० साली स्थापन झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल या कंपनीला १० लाख रुपये दंड केला. सोन्याच्या दागिन्यांचे म्हणून दाखवलेले संच, गुडघ्याचे चुंबकीय पट्टे आणि ॲक्युप्रेशरच्या चपला, अशा त्या जाहिराती होत्या. पण दंडापेक्षाही त्या आदेशातली दुसरी गोष्ट मोठी. प्राधिकरणाने बजावले, की कार्यक्रम आधी मुद्रित केलेला असेल तर तसे स्पष्ट दाखवा, आणि आजच घेतले नाही तर वस्तू मिळणार नाही, अशी खोटी टंचाई भासवू नका. विचार करा : कार्यक्रम जर आधीच मुद्रित केलेला, तर “आता थोडेच नग उरले” हे निवेदकाला कसे ठाऊक? पडद्यामागची जी कुजबूज होती, तिला या आदेशाने सरकारी कागदावर आणले.

आणि आता आपल्या महाराष्ट्रातला खटला. २०१५ साली काही वाहिन्यांवर ‘हनुमान चालिसा यंत्र’ विकण्याच्या जाहिराती चालू होत्या. यंत्र घरात आणले की अडचणी दूर होतात, भरभराट होते, अशी त्यांची भाषा. एका शिक्षकाने ही जाहिरात पाहिली. कित्येकांनी पाहून वाहिनी बदलली असेल, कित्येकांनी फोनही लावला असेल. या शिक्षकाने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका दाखल केली. निकाल लागायला २०२१ चा जानेवारी उजाडला. अशा वस्तूंना दैवी वा चमत्कारी शक्ती असल्याचे सांगून जाहिरात करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ती जाहिरात दाखवणारी वाहिनीही जबाबदार आहे, असे न्यायालयाने म्हटले. अशा जाहिराती दाखवल्या जाऊ नयेत म्हणून यंत्रणा उभारण्याचे आदेशही दिले. हा कायदा सहज झालेला नाही, हे आपण जाणतोच. त्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच त्याचा वटहुकूम निघाला.

या खटल्यात देवाच्या नावाला किंवा कोणाच्या श्रद्धेला न्यायालयाने हात लावलेला नाही. देवळात जाऊन हात जोडणे वेगळे, आणि त्याच देवाचे नाव पत्र्यावर कोरून “फोन करा, संकट टळेल” असे सांगत पैसे उकळणे वेगळे. पहिली भक्ती, दुसरा व्यापार. आणि व्यापार म्हटला की वजनमापे तपासायलाच हवीत.

मग तुमच्या-आमच्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. चमत्काराने रोग बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासूनच आहे. २०१९ च्या कायद्याने आणखी एक सोय केली. पूर्वी तक्रारदाराला बहुधा कंपनीच्या गावचा रस्ता धरावा लागे. आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्कही पडत नाही. मुदत दोन वर्षांची. शिवाय १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. मात्र एक पथ्य पाळा : पावती जपून ठेवा, आणि जाहिरात कोणत्या वाहिनीवर, कोणत्या दिवशी, किती वाजता पाहिली आणि तीत नेमके काय सांगितले, हे त्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवा. वस्तू तुमच्या हाती राहील, पण बोललेले वाक्य हवेत विरते. आणि दावा तर त्या वाक्यावरच उभा राहायचा असतो.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक सुचवतो. एखाद्या दिवशी वर्गात मुलांना अशी एक जाहिरात आठवून तिची दहा वाक्ये पाटीवर लिहायला सांगा. मग प्रत्येक वाक्यापुढे खूण करायला लावा : हे वाक्य हाताने, डोळ्यांनी किंवा तराजूने तपासता येईल का? “तव्याचा व्यास दहा इंच” हे तपासता येईल. “घरात सुख नांदेल” हे येणार नाही. दहांपैकी किती खुणा उरतात ते मुलेच मोजतील. बाजारात वांगी पारखायला आपण पोराला सोबत नेतो, तसेच शब्द पारखायलाही त्याला लहानपणीच शिकवायला हवे.