घरची बीअर आणि वेळेचा नेम

ज्युबिली हा शब्दच मुळीं काळाशीं निगडित आहे. जुन्या करारांत पन्नासावें वर्ष पवित्र मानून त्या वर्षीं जमिनीस विश्रांति व दासांस मुक्ति देण्याची आज्ञा आहे. वर्षें नुसतीं मोजावयाचीं नसतात. तीं कशांत खर्चिलीं ह्याचा हिशेबही घ्यावयाचा असतो. अशा प्रसंगीं निघणाऱ्या ह्या पुस्तिकेंत आम्ही एका साध्या घरगुती कलेचा इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों. ती कला म्हणजे घरच्या घरीं बीअर तयार करण्याची. विषय ऐकून कित्येकांच्या भुंवया वर चढतील. परंतु ह्या इतिहासाचें एक मोठें प्रकरण ख्रिस्ती मठांच्या भिंतींआड घडलें आहे. आणि आज पाश्चात्य देशांत जे लोक हौसेनें हें काम करितात, त्यांची मुख्य तक्रार तुमचीआमचीच आहे, कीं वेळ मिळत नाहीं. हा वेळ घराच्या हातून कसा निसटला व पुन्हां कसा मिळवितां येतो, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम कृति पाहूं. सातूचें धान्य भिजवून त्याला मोड आणितात व तें वाळवून भाजतात. आपल्याकडे लहान मुलांसाठीं नाचणीला मोड आणून सत्त्व करितात, त्याच जातीचें हें काम. अशा मोडाच्या धान्यास माल्ट म्हणतात. तें भरडून सुमारें 65 ते 67 अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेविलें म्हणजे धान्यांतील पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून, त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें घालून, पुन्हां तासभर उकळावयाचा, निववावयाचा व त्यांत यीस्ट म्हणजे किण्व सोडावयाचें. पुढें एकदोन आठवडे तें किण्वच साखरेपासून मद्यार्क व वायु तयार करीत राहतें. मनुष्याच्या हाताला काम थोडें, वाट पाहणेंच फार, असा हा धंदा आहे. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व इतिहास तिच्यावर उभा आहे.

संत बेनेडिक्ट ह्यांनीं 6व्या शतकांत इटलींतील माँते कास्सिनो येथें मठवासीयांसाठीं जी नियमावली घालून दिली, तिच्यांत दिवसाचे भाग पाडून प्रार्थना, वाचन व हातचें काम ह्यांना आपापल्या वेळा नेमून दिल्या आहेत. प्रत्येकास दररोज द्राक्षारसाचें एक लहानसें माप पुरे, असेंही तींत सांगितलें आहे. परंतु आल्प्स पर्वताच्या उत्तरेस द्राक्षें दुर्मिळ आणि सातू मुबलक. तेव्हां 816 सालीं आखेन येथें भरलेल्या सभेनें, जेथें द्राक्षारस मिळत नसेल तेथें त्याच्या दुप्पट मापानें चांगली बीअर द्यावी, असें ठरविलें. त्याच शतकाच्या पूर्वार्धांत चर्मपत्रावर काढलेला एका आदर्श मठाचा नकाशा स्वित्झर्लंडमधील संत गाल मठाच्या ग्रंथालयांत अद्याप जपून ठेविलेला आहे. त्यांत बीअर करण्याच्या तीन जागा दाखविल्या आहेत: एक मठांतील बंधूंसाठीं, एक थोर पाहुण्यांसाठीं व एक यात्रेकरू आणि गोरगरीब ह्यांच्यासाठीं. प्रत्येकीला लागूनच पाव भाजण्याची जागा आहे. ह्यावरून त्या काळीं बीअर ही चैनीची वस्तु नसून भाकरीची बहीण होती, हें उघड होतें. पुढें जर्मनींतील मठाध्यक्षा संत हिल्डेगार्ड (1098–1179) ह्यांनीं हॉपचा कडूपणा पेयाला नासूं देत नाहीं, असें आपल्या ग्रंथांत नमूद केलें.

मठांत ह्या कामासाठीं वेळ शोधण्याचा प्रश्नच नव्हता. घंटा झाली कीं ज्या बंधूकडे तें काम असे तो तिकडे वळे. पुन्हां घंटा झाली कीं हातचें ठेवून तो प्रार्थनेस जाई. किण्वाला त्याच्या उपस्थितीची गरज नसे.

मठाबाहेर हें काम बहुतेक बायकांकडे होतें. मध्ययुगांत इंग्लंडांत हॉपविरहित बीअर होत असे. तिला एल म्हणत. ती थोड्याच दिवसांत आंबट होई, म्हणून घरच्या बाईला ती वारंवार करावी लागे. एका खेपेंत घराला पुरून उरेल ती शेजाऱ्यांस विकावयाची, व विक्रीची एल तयार झाली म्हणजे खुणेसाठीं दाराबाहेर काठी लावावयाची, अशी चाल होती. 13व्या शतकांत भाकरी व एल ह्यांच्या किंमतींबद्दल कायदा झाला आणि एल चाखून पाहणारे तपासनीस नेमले गेले. त्या वेळच्या गांवसभांच्या दप्तरांत दंड भरणाऱ्या बायकांचीं नांवें ओळीनें आढळतात. ज्युडिथ बेनेट ह्या विदुषीनें 1996 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशाच दप्तरांच्या आधारें हा व्यवसाय स्त्रियांच्या हातून कसा गेला, हें दाखविलें आहे.

तो गेला त्यास इतर कारणांबरोबर हॉपही कारण झालें. सुमारें 1400 सालीं समुद्रापलीकडील सखल प्रदेशांतून इंग्लंडांत हॉपची बीअर येऊं लागली. ती टिकाऊ असल्यामुळें एकदम पुष्कळ करून दूरवर विकतां येई. परंतु त्यासाठीं मोठीं भांडीं, मोठें भांडवल व पगारी माणसें हवीं. एका हातानें पाळणा हलवीत दुसऱ्या हातानें चूल सांभाळणाऱ्या बाईला हें कोठून साधावें? संत हिल्डेगार्ड ह्यांनीं वाखाणलेल्या ज्या गुणानें बीअर नासेनाशी झाली, त्याच गुणानें ती कालांतरानें घराबाहेर पडली.

तरीही इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून ही कला आणखी कित्येक पिढ्या जिवंत होती. विल्यम कॉबेट ह्या लढाऊ लेखकानें 1821–22 सालीं ‘कॉटेज इकॉनॉमी’ नांवाची पुस्तकमाला काढून मजुरांनीं पुन्हां घरीं बीअर करावी असा आग्रह धरिला. चाळीस वर्षांपूर्वीं घरोघर चालणारें हें काम माल्टवरील करानें व चहाच्या संवयीनें बुडालें, असें त्याचें म्हणणें. त्यानें मांडलेला वेळेचा हिशेब मोठा मासलेवाईक आहे. विस्तव पेटवून, पाणी उकळून, चहा पिऊन व भांडीं विसळून होईपर्यंत दिवसाकाठीं निदान एक तास धरिला, तरी वर्षाचे 365 तास होतात. म्हणजे बारा तासांचा दिवस धरून घरच्या बाईचे पुरे तीस दिवस चहांत जातात! आम्हां चहाबाजांना हा हिशेब रुचणें कठीण आहे. आणि गिरणीच्या शहरांत एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबाला मोठी चूल व थंड तळघर मिळणें अशक्य होतें, हेंही खरें. परंतु कॉबेटनें एका मर्मावर बोट ठेविलें आहे. घरांतला वेळ नाहींसा होत नसतो. कोणी न विचारतां तो दुसरीकडे वळलेला असतो.

पुढें कायद्याचा हात पडला. 1880 सालीं ग्लॅडस्टन ह्यांनीं माल्टवरील कर उठवून तो तयार बीअरवर बसविला, आणि घरीं करणारासही परवाना घेणें भाग पडलें. तो परवाना 1963 सालीं अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग ह्यांनीं रद्द केला. अमेरिकेंत 1920 पासून 1933 पर्यंत दारूबंदी होती. ती उठल्यावर घरीं द्राक्षारस करण्यास मोकळीक मिळाली, परंतु बीअर मात्र त्या मोकळिकींतून वगळली गेली. 14 ऑक्टोबर 1978 रोजीं अध्यक्ष जिमी कार्टर ह्यांनीं कायद्यावर सही करून ही उणीव भरून काढिली. एका प्रौढ माणसाच्या घरीं वर्षाला 100 गॅलन व दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरीं 200 गॅलन, तेंही विक्रीसाठीं नव्हे, अशी मर्यादा ठरली. त्याच वर्षीं कोलोरॅडोंतील बोल्डर येथें चार्ली पॅपेझियन व चार्ली मॅट्झन ह्यांनीं अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन ही संस्था काढिली. पॅपेझियन हे व्यवसायानें शिक्षक. त्यांचें 1984 सालचें पुस्तक नवशिक्यांना धीर देण्यांत प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियांतील केन ग्रॉसमन ह्यांनीं तर हौसेच्या सामानाच्या लहानशा दुकानापासून आरंभ करून 1980 सालीं सिएरा नेव्हाडा ह्या कारखान्यांतून पहिली बीअर काढिली.

अशा रीतीनें कला घरीं परत आली, परंतु जुनें घर मात्र आतां तेथें नव्हतें. मालक दिवसभर कचेरींत, मालकीणही कामावर, मुलांच्या शाळा आणि खेळ. वीस लिटर बीअरसाठीं चारपांच किलो माल्ट लागतो. धान्यापासून आरंभ केल्यास पांचसहा तासांचा एक दिवस जातो, व पुढें बाटल्या भरण्यास एक संध्याकाळ. ह्यांतील मोठा वाटा भांडीं घासण्याचा व तीं जंतुरहित करण्याचा असतो. त्यांत कुचराई केली कीं सगळा घाणा आंबट होतो. म्हणजे महिन्याकाठीं आठएक तासांची ही हौस. इतक्याशा वेळेसाठीं हौशी लोकांनीं किती युक्त्या काढिल्या आहेत! कोणी तयार माल्टचा पाक आणून निम्मा वेळ वांचवितात. कोणी रात्रीं धान्य भिजत घालून पहांटे घर उठण्यापूर्वीं रस उकळितात. ऑस्ट्रेलियांत कित्येकजण उकळता रस घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून तसाच निवूं देतात व किण्व दुसऱ्या दिवशीं घालितात. धान्य भिजत असतां मुलांचा अभ्यास घेणारे बापही आहेत.

परंतु ह्या युक्त्यांहून एका गोष्टीचें महत्त्व अधिक. ‘सवड झाली कीं करूं’ म्हणणाराचीं भांडीं माळ्यावर धूळ खात पडतात. महिन्यांतील एक शनिवार आधींच ठरवून तो घरच्या मंडळींस सांगणारा वर्षानुवर्षें हें काम करीत राहतो. शिवाय ज्या सहा तासांत एकजण भांड्यांपाशीं रमतो, त्या सहा तासांत घर दुसरें कोणी तरी सांभाळीत असतें. तें ऋण मानून दुसऱ्या दिवशीं तितकाच वेळ परत करणें हा ह्या हौसेचा न लिहिलेला कायदा होय. पूर्वीं ह्याच कामाचा सगळा भार एकट्या गृहिणीवर असे, हें विसरतां कामा नये.

बेल्जममधील वेस्टव्ह्लेटेरन येथील संत सिक्स्टस मठांत 19व्या शतकापासून बीअर होत आली आहे. जगांतील उत्तम बीअरमध्यें तिची गणना होते, गिऱ्हाइकें वाट पाहत असतात. तरी मठाच्या निर्वाहास व दानधर्मास पुरेल त्याहून अधिक बीअर करावयाची नाहीं, असा तेथील बंधूंचा निर्धार आहे. मागणी वाढली म्हणून प्रार्थनेची घंटा मागें सरकविलेली नाहीं. काम सुरू करण्याची वेळ जशी नेमलेली, तशीच थांबण्याचीही.

हें सर्व वाचून कोणी उत्साहानें घरीं भांडें चढवील, म्हणून सांगणें अवश्य आहे, कीं आपल्याकडे 1949 सालचा मुंबई दारूबंदी कायदा आतां महाराष्ट्राच्या नांवानें चालू असून परवान्यावांचून मद्य तयार करण्यास मनाई आहे. आणि मिताचरणाचा नियम तर कायद्याच्याही आधींचा. परंतु भजनमंडळांतील पेटी असो, परसांतील भाजीचा वाफा असो, कीं आजीच्या हातचें लोणचें असो, ‘वेळ मिळाला तर’ ह्या तीन शब्दांनीं आपल्याही घरांतून कित्येक कला निघून जात आहेत. त्यांतील एखादी जरी राखावयाची असेल, तरी तिच्यासाठीं वार ठरवावा, तो घरांत सांगावा, आणि त्या दिवशीं घंटा झाली असें समजून उठावें. उरलेलें काम काळ करितो. किण्व करितें तसें.