मैदान गावाबाहेर गेलं की काय जातं?

मागच्या रांगेत बसलेल्या, बहुधा कोणीतरी बळेच आणून बसवलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

विषय साधा आहे. शहराच्या ऐन मध्यावर, जिथे जागेचा भाव चौरस फुटावर बोलतात, तिथे विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं खेळाचं मैदान असावं का? की ते विकून, भाड्याने देऊन किंवा त्यावर इमारत बांधून पोरांना गावाबाहेर मोठं मैदान करून द्यावं? तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या म्हाताऱ्याला यातलं काय कळतं? म्हणून सुरुवात माझ्याच गल्लीतून करतो.

प्लेटोने इसवी सनापूर्वी ३८७ च्या सुमारास ॲकॅडमी सुरू केली हे आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. पण ॲकॅडमी हे आधी एका व्यायामभूमीचं नाव होतं, हे सांगायचं राहून जायचं. तिथे धावायला जागा होती. किमॉन नावाच्या पुढाऱ्याने तिथे पाणी आणलं, झाडं लावली. पोरं कुस्ती खेळत, धावत, आणि त्यांच्या शेजारी बसून प्लेटोची मंडळी वाद घालत. ॲरिस्टॉटलचं लायसियम हीसुद्धा व्यायामभूमीच. म्हणजे मैदान आधी होतं, विद्यापीठ त्याच्या आश्रयाला आलं. पुढे इसवी सनापूर्वी ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने अथेन्सला वेढा घातला तेव्हा युद्धयंत्रांच्या लाकडासाठी त्याने ॲकॅडमीतली झाडं तोडली. निकड सांगून मोकळ्या जागेला हात घालण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

आता कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल, सर, ॲकॅडमी तर अथेन्सच्या तटाबाहेर होती! बरोबर आहे. पण वेशीपासून ती साधारण दीड किलोमीटरवर होती. माणूस बोलत बोलत चालत जाई आणि परत येई. हे चालत जाण्याचं अंतर लक्षात ठेवा. आजच्या व्याख्यानात मला तीच मोजपट्टी वापरायची आहे.

आता मुंबईला येऊ. खान्देशातली कॉलेजं १९४९ पर्यंत मुंबई विद्यापीठाखाली होती, म्हणजे ते एकेकाळी आपलंच विद्यापीठ. त्याची स्थापना १८५७ ची. त्याचा राजाबाई टॉवर समोर ओव्हल मैदान घेऊन उभा आहे. सुमारे बावीस एकर मोकळी जमीन, आणि तीही दक्षिण मुंबईत! ही जमीन मोकळी राहिली कशी? खेळाच्या प्रेमापोटी नव्हे. किल्ल्याच्या तटाबाहेर तोफांचा मारा करायला समोर आडोसा नको, म्हणून इंग्रजांनी तिथे बांधकाम होऊ दिलं नाही. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना तट पाडले. मग त्या पट्ट्यात काही इमारती आल्या, पण मधली मोकळी जागा टिकली. ओव्हल, क्रॉस, आझाद, कूपरेज ही सगळी त्या एका पट्ट्याची लेकरं.

मोकळी जागा मिळाली म्हणजे ती सगळ्यांना मिळाली असं मात्र नव्हे. १८७५ साली युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना झाला. साहेबलोक मैदानावर पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची आणि त्याच जमिनीवर पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळायची. चेंडू कुठून कुठे उडेल याचा भरवसा नाही. देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. निकाल कधी इकडे झुकला, कधी तिकडे. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने या झगड्यावर १८९७ मध्ये पुस्तकच लिहिलं. पोलो खेळणारे मोजके होते आणि क्रिकेट खेळणारी पोरं शेकड्यांनी. तरी मोजक्यांची सोय आधी पाहिली गेली. जमीन मौल्यवान झाली की तिच्यावर कोण असावं हा प्रश्न असाच येतो.

पुढच्या काही वर्षांत पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्रकाठी जागा मिळाल्या. मरीन ड्राइव्ह नंतर झाला. त्याच परिसरात, मरीन लाइन्सला, मुंबई विद्यापीठाचं क्रीडांगण आहे. शेजारचे जिमखाने धर्माच्या नावाचे. त्यांचे संघही तसेच, आणि सामनेही हिंदू विरुद्ध पारशी, मुसलमान विरुद्ध युरोपियन. गांधीजींनी १९४० मध्ये या प्रकाराला उघड नापसंती दाखवली आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर ते सामने बंद झाले. पण त्याआधीच, १९३५-३६ पासून, रोहिंटन बारिया करंडकासाठी विद्यापीठा-विद्यापीठांचे सामने सुरू झाले होते. त्यात पोरगा विद्यापीठाचा म्हणून खेळायचा, जात-धर्म घरी ठेवून. विद्यापीठाचं मैदान शहराच्या मध्यावर असण्याचा हा एक अर्थ आहे. जिमखान्याला सभासद लागतो, विद्यापीठाच्या मैदानाला विद्यार्थी असणं पुरतं.

त्याच भागात ब्रेबर्न स्टेडियम १९३७ साली उभं राहिलं. समुद्र हटवून केलेली जमीन क्रिकेट क्लबने चौरस वाराला साडेतेरा रुपये भावाने घेतली. त्या काळी लोकांना तो भाव फार वाटला असेल. आज त्या आकड्याला आपण हसतो. भावाचं हे असं असतं, दर पिढीला आपल्याच काळातला भाव शेवटचा वाटतो.

आता आपल्याकडे वळू. मी पिंप्राळ्याचा. आमच्या एका अंगाला जळगाव शहर, दुसऱ्या अंगाला गिरणेच्या दिशेने विद्यापीठ. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झालं, २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. ते टेकडीवर, शहराबाहेर नेलं हे योग्यच झालं. साडेसहाशे एकर जमीन गावात कुठून आणणार? तीन जिल्ह्यांच्या स्पर्धा भरवायच्या तर तिथेच भरवाव्यात. पण स्पर्धा वर्षातून काही दिवस असतात, सराव रोज असतो. नंदुरबारचा पोरगा विद्यापीठाच्या मैदानावर रोज येऊ शकत नाही, आणि शहराच्या पलीकडच्या टोकाचा पोरगाही पहाटे साडेपाचला तिथे पोचत नाही. विद्यापीठाचा खेळाडू घडतो तो गावोगावच्या कॉलेजच्या मैदानावर. आणि ही कॉलेजं चाळीसच्या दशकात आणि नंतर जिथे निघाली, तिथे आता शहरांचे मध्य आले आहेत. मैदान महागड्या जागेत जाऊन बसलं असं आपण म्हणतो, पण खरं तर महागाई चालत त्याच्या दारात आली.

विरुद्ध बाजूचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. तेवढ्यात कबड्डीची पन्नासावर मैदानं मावतात. ४०० मीटरच्या धावपट्टीला चारेक एकर लागतात. दुपारभर तिथे उन्हात कुत्रंही फिरत नाही. आपल्याकडे मे महिन्यात तर विचारूच नका. त्याच पैशांत वसतिगृह होईल, प्रयोगशाळा होईल, गरीब पोरांची फी भरता येईल. हे सगळं खरं आहे.

तरी दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की वसतिगृहावर मजला चढवता येतो, प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर नेता येते. मैदानावर मजला चढत नाही. दुसरी गोष्ट, चुकीच्या जागी बांधलेली इमारत उद्या पाडता येते, पण गेलेलं मैदान परत आल्याचं मी माझ्या आयुष्यात पाहिलं नाही. जो निर्णय मागे घेता येत नाही, त्यात सिद्ध करण्याची जबाबदारी बदल करू पाहणाऱ्यावर असते. कायद्यालाही हे थोडंफार ठाऊक आहे. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकायची तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्त मालक नसतो, राखणदार असतो.

हे आज मी ठामपणे बोलतो, पण एक कबुली द्यायची आहे. मी ज्या एका संस्थेत होतो, नाव सांगत नाही, तिथे मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला दुकानांचे गाळे काढायचा ठराव आला. भाड्यातून ग्रंथालयाला पैसे मिळणार होते. पुस्तकांचा लोभ मला मोठा. मी हात वर केला. ग्रंथालयाला पैसे मिळाले, पुस्तकं आली, तीही चांगली. पण गाळ्यांमागे मैदान रस्त्यावरून दिसेनासं झालं. पूर्वी येणाजाणाऱ्यांची नजर असायची, ती गेली. संध्याकाळी खो-खो खेळणाऱ्या मुली होत्या, त्यांच्या आया म्हणू लागल्या, आता तिथे नको. मुलं येत राहिली, मुली आल्या नाहीत. मैदानाचं क्षेत्रफळ फारसं कमी झालं नव्हतं, ते फक्त नजरेआड गेलं होतं. म्हणून सांगतो, मैदान दूर गेलं की पहिल्यांदा कोण गळतं ते बघा. ज्याच्याकडे मोटरसायकल आहे तो गळत नाही. घराच्या वाटेवर आहे म्हणून जिला परवानगी होती, ती गळते. ठरावाच्या कागदावर यासाठी रकाना नव्हता आणि मीही तो विचारला नाही.

आमच्या खान्देशात प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. त्यांना कापडाचा हिशेब कळत होता. तत्त्वज्ञान चौरस फुटाला किती उत्पन्न देतं, असं त्यांनी विचारलं असतं तर साने गुरुजी तिथे शिकायला आले नसते. इकडे जळगावात खान्देश मिल बंद पडली आणि त्या जागेवर बाजार आला. गिरणीच्या जागेला बाजाराचा हिशेब लावला तर समजू शकतं, ती जागा धंद्याचीच होती. मैदानाला तोच हिशेब लावू नये.

मात्र मैदान राखायचं असेल तर त्यालाही अट आहे. कुलूप लावलेलं मैदान, लग्नाच्या मांडवाला आणि प्रदर्शनाला भाड्याने दिलेलं मैदान, खेळपट्टीवर बांबूंचे खड्डे पडलेलं मैदान, यांची बाजू मी मांडणार नाही. ओव्हलसुद्धा मध्यंतरी दुरवस्थेत होतं. रहिवाशांनी नव्वदच्या दशकात ते हातात घेतलं, आणि २०१८ मध्ये आजूबाजूच्या इमारतींसह ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ते टिकलं कारण तिथे रोज पोरं खेळत होती. दादरचा, परळचा पोरगा लोकलने उतरून किट खांद्यावर टाकून चालत येतो, म्हणून ते मैदान आहे.

आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्यात रथ निघतो. त्या दिवशी तेवढा रस्ता मोकळा ठेवावा लागतो, दुकानदारसुद्धा आपले फळकूट मागे घेतात. तोटा होतो म्हणून कोणी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही. वर्षातून एकदा देवासाठी जे आपण बिनतक्रार करतो, ते रोज संध्याकाळी दोन तास पोरांसाठी करायचं आहे.

तुमच्या संस्थेत असा ठराव आला तर हात वर करण्याआधी संध्याकाळी सहाला त्या मैदानावर जा. कोण खेळतंय ते मोजा, आणि त्यातले किती जण चालत आलेत ते विचारा. मी तेव्हा विचारलं नाही, ते तुम्ही विचारा.