धुऱ्यावरचं वळण : बैल, लोखंडी नांगर आणि ट्रॅक्टर



मागच्या व्याख्यानानंतर अहमदपूर तालुक्यातला एक तरुण मला दारातच गाठून म्हणाला, "सर, चार एकर रान आहे. बैलजोडी थकली. छोटा ट्रॅक्टर घेऊ, का कर्ज काढून मोठाच घेऊ आणि भाड्यानंही हाणू?" मी इतिहासाचा माणूस, मला यातलं काय विचारतो! पण मी त्याला उलट विचारलं, "रानाची रुंदी किती? आणि उतार कुणीकडं?" तो म्हणाला, सर, शोरूममधल्या माणसानं हे विचारलंच नाही. त्यानं हॉर्सपॉवर सांगितली आणि हप्ता सांगितला. आज या दोन प्रश्नांवरच बोलतो.

अवजारांचा इतिहास आपण नेहमी सरळ तासाचा सांगतो. किती खोल गेलं, दिवसात किती एकर झालं. तास संपला, धुरा आला, की औत वळतं कसं, हे कुणी सांगत नाही. खरी कुचंबणा तिथं असते.

बैलजोडी वळते ती आठवून बघा. आतला बैल जवळजवळ जागेवर फिरतो, बाहेरचा त्याच्याभोवती घेरा घेतो. कासऱ्याला एक हिसका, तोंडानं एक आवाज, औत उचलून फिरवलं की झालं. आपल्याकडं तर लातूरची देवणी आणि कंधारची लाल कंधारी, म्हणजे ज्यांची नावंच आपल्या नकाशावर आहेत अशी जनावरं. शिकलेल्या जोडीला कासरासुद्धा लागत नाही. शिवाय जुना लाकडी नांगर माती नुसती चिरतो, पलटत नाही. त्यामुळं जाताना एक तास, येताना त्याला लागूनच दुसरा. धुऱ्यापाशी वाया जाणारी जागा अगदी थोडी.

ही सोय पहिल्यांदा मोडली ती ट्रॅक्टरनं नव्हे, लोखंडी नांगरानं. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकत होते, मग कडबा कापायचं यंत्र केलं, आणि १९०३ साली लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. शेतकरी कसा अडाणी, हे दाखवायला ती सांगतात. मला ती तशी सांगायला आवडत नाही. तो शेतकरी काय सोडून काय घेत होता ते बघा. लोखंडी नांगर माती एका अंगाला पलटतो. म्हणजे आल्या वाटेनं लगेच परत फिरता येत नाही, फिरलं तर माती उलट्या बाजूला पडते. चकरा मारत नांगरावं लागतं, किंवा फाळ उलटवता येईल असा नांगर लागतो. आज तुम्ही ज्याला पलटी नांगर म्हणता तो याच अडचणीवरचा तोडगा. आणि हरळी, कुंदा काढायला काळ्या रानात खोल घालायचं तर एका जोडीचं काम नाही. तीन-तीन, चार-चार जोड्या एकापुढं एक. आता ही आठ बैलांची रांग धुऱ्यावर वळवून दाखवा! पुढचे बैल शेजाऱ्याच्या रानात जाणार. म्हणून असली नांगरट सावडीनं, इर्जिकीनं व्हायची. शेजारी आपल्या कामाला आलेला असला, की त्याच्या धुऱ्यावर बैल गेल्याची तक्रार तो करत नाही.

१९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर पुढं सगळीकडं गेला. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो, ती कहाणी वेगळी, इथं शिरत नाही.

ट्रॅक्टरकडं येऊ. आयशरनं १९५९ साली फरिदाबादला देशी ट्रॅक्टर बांधला, १९६३ पासून महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीबरोबर सुरुवात केली. तुमच्यातल्या ज्यांनी ट्रॅक्टर चालवलाय त्यांना ठाऊक आहे, त्याला ब्रेकचे दोन पायटे असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. डावं चाक धरून ठेवलं की ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरतो. म्हणजे आतला बैल थांबवून बाहेरचा चालवायचा, तीच युक्ती! तरीही सर्वसाधारण ट्रॅक्टरला वळायला तीन-साडेतीन मीटरचा घेरा लागतो, मागचं औजार धरून जास्तच.

आता गणित करा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४,००० चौरस मीटर. समजा पट्टी २० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब आहे. लांबीनं नांगरलं आणि दोन्ही टोकांना पाच-पाच मीटर वळायला सोडले, तर २०० मधले १० गेले. काही वाटत नाही. पण रुंदीनं नांगरलं तर २० मधले १० गेले. निम्मं रान नुसतं वळण्यात! मग ड्रायव्हर काय करणार? तो तासाच्या हिशेबानं पैसे घेतो, तो लांबीनंच घालणार.

आणि पट्ट्या अशा लांबट का? कारण भाऊवाटणी. प्रत्येक भावाला वाटेला तोंड पाहिजे, विहिरीकडं वाट पाहिजे, वरच्या मुरमाडातलं थोडं आणि खालच्या काळ्यातलं थोडं पाहिजे. न्याय म्हणून बरोबरच आहे. पण वरून खालपर्यंत सगळ्यांना सारखं द्यायचं, म्हणजे रान उताराच्या दिशेनं उभं चिरायचं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, पण भावाभावांनी दोरी टाकून केलेल्या वाटण्या थांबल्या नाहीत. शेतीगणनेत महाराष्ट्रातली सरासरी वहिती १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ साली १.३४ झाली.

गोदाकाठच्या सपाट रानाला याचं फार सोयरसुतक नाही. नांदेडच्या खालच्या अंगाला लांबीनं नांगरलं काय, रुंदीनं काय. पण बालाघाटच्या अंगाला, अहमदपूरकडं, उतारावर लांबीनं नांगरलं की प्रत्येक तास म्हणजे पाण्याला केलेली नाली. जूनचा एक जोराचा पाऊस, आणि वरची माती खालच्याच्या बांधाला. पेरणी उताराला आडवी करा, हे कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय. बैलाला ते जमायचं, कारण त्याला वळायला जागा लागत नव्हती.

मग बैलच ठेवायचे ना, असं तुम्ही म्हणाल. इतकं सोपं असतं तर हे व्याख्यान लागलं नसतं. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. आमच्याकडं दोन जोड्या होत्या, उन्हाळ्याच्या शेवटी एक राहिली. पुढं पावसानं साथ दिली तरी दुसरी जोडी परत आली नाही. नंतर आलं सोयाबीन. लातूरच्या शिवारात ज्वारीची जागा त्यानं घेतली, आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनचं भुसकट कडब्याची जागा भरून काढत नाही. म्हणजे बैल ट्रॅक्टरशी स्पर्धेत हरला असं आपण म्हणतो, पण त्याच्या आधी त्याच्या दावणीतला चाराच गेला होता. त्यात सोयाबीनला वाफसा साधून दोन-चार दिवसांत पेरायचं असतं, तिथं ट्रॅक्टरला तोड नाही, हे मान्यच केलं पाहिजे.

जाता जाता एक परदेशातली गोष्ट. अमेरिकेत हिरवळ कापायची बसून चालवायची यंत्रं असतात. कॅन्ससमध्ये जॉन रेगियर या गृहस्थांनी १९६० च्या दशकात असं यंत्र केलं, की दोन चाकं दोन वेगळ्या दांड्यांनी चालतात. एक चाक पुढं, एक मागं, की यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरतं. त्याला शून्य वळणाचं म्हणतात. झाडांच्या, कोपऱ्यांच्या बागेत साध्या यंत्रापेक्षा ते कितीतरी सरस. पण तीव्र उतारावर? तिथं ते घसरतं, पुढची चाकं नुसती भिरभिरी, दिशा धरत नाहीत. म्हणून उताराच्या बागेला जुनं, स्टिअरिंगचंच घ्या, असं तिकडचे जाणकार सांगतात. तिकडंही प्रश्न रुंदीचा आणि उताराचाच निघाला, म्हणून मला गंमत वाटली.

त्या तरुणाचं रान मी गेल्या महिन्यात बघून आलो. रुंदी बावीस पावलं. उतार ओढ्याकडं, चांगलाच. शेजारी त्याचा चुलतभाऊ, त्याचीही पट्टी तेवढीच, मधे बांध. मोठा ट्रॅक्टर घेतला तर तो उभाच चालणार. छोटा घेतला तर वळणं थोडी आखडतील, पण बावीस पावलांत तरी किती? मी त्याला म्हणालो, चुलतभावाशी बोलून बघ. मधला बांध तसाच ठेवा, पण पेरणीपुरतं दोघांचं रान एक धरून, बांध टाळून आडवं घालता येतं का, एवढं विचार. तो म्हणाला, "सर, ट्रॅक्टरचं कर्ज मिळेल, पण हे अवघड आहे. आमचं तीन वर्षांपासून बोलणं नाही."

चला, प्रश्न घेऊ. मागं बसलेल्यांनी जरा मोठ्यानं बोला.