सदाफुलीचं पान आणि सलाईनची बाटली

१९५२ साली जमैकातून कॅनडात टपालाने एक पाकीट आलं. त्यात सदाफुलीची २५ पानं होती. जमैकात मधुमेहाच्या रुग्णांना इन्शुलिन मिळालं नाही की ते या पानांचा काढा पीत. आपल्याकडेही सकाळी फिरून येताना सदाफुलीची पानं-फुलं चावणारे आजोबा गल्लोगल्ली आहेत. तर जमैकातल्या एका डॉक्टरने ‘यात काही आहे का बघा’ म्हणून ही पानं पाठवली आणि ती वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्या हाती पडली.

नोबल यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखरेवर फारसा परिणाम नाही. मग तोच अर्क इंजेक्शनने टोचला, तर उंदीर काही दिवसांत संसर्गाने मेले. रक्त तपासलं तेव्हा कळलं की त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. मधुमेहाचं औषध म्हणून सदाफुली नापास झाली. पण रक्ताच्या कॅन्सरमध्ये याच पेशी बेसुमार वाढतात. मग त्या कमी करणारा पदार्थ कामाचा नाही का?

१९५४ मध्ये चार्ल्स बीअर हे रसायनतज्ज्ञ नोबल यांच्याबरोबर काम करू लागले. त्यांनी अर्कातून नेमका पदार्थ वेगळा काढला आणि १९५८ मध्ये तो जाहीर झाला. त्याचं नाव व्हिन्ब्लास्टीन. त्याच काळात अमेरिकेतली एली लिली कंपनीही मधुमेहाच्याच शोधात याच झाडापर्यंत पोचली होती. तिथे त्याचं भावंड सापडलं, व्हिन्क्रिस्टीन. १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशीचे दोन भाग होताना आत जे धागे तयार होतात, ते ही औषधं बनू देत नाहीत आणि पेशीचं विभाजन अडतं. लहान मुलांच्या ल्युकेमियावरच्या उपचारात व्हिन्क्रिस्टीन आजही वापरतात.

हे सगळं मी वाचलं त्याला कारण घरचं होतं. माझ्या मावशीला लिम्फोमा झाला आणि तिच्या केमोच्या कागदावर व्हिन्क्रिस्टीन हे नाव होतं. त्याच आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सदाफुलीच्या रसाचा मेसेज आला. मामा म्हणाला, “डॉक्टर तेच देतायत ना? मग दारातलं ताजं का नको?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही, पण उत्तर शोधायला बसलो.

पानात एकटं व्हिन्क्रिस्टीन नसतं, शंभराहून जास्त अल्कलॉइड असतात. व्हिन्क्रिस्टीन त्यात इतकं कमी की ग्रॅमभर मिळवायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. औषधाचा डोस मात्र रुग्णाची उंची आणि वजन यांवरून काढतात. मोठ्या माणसाला एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण जास्त झालं की नसांवर परिणाम होतो, हातपाय बधिर होतात. पेलाभर रसात काय किती आहे, त्यातलं रक्तात किती उतरेल, हे कुणालाच सांगता येत नाही. आणि केमोत पांढऱ्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात.

मामाला उलटं उदाहरणही सांगितलं. जर्दाळूच्या बियांमध्ये अमिग्डालिन असतं. त्यापासून बनवलेलं लेट्राइल १९७०च्या दशकात अमेरिकेत ‘व्हिटॅमिन बी-१७’ या नावाने गाजलं, जरी ते व्हिटॅमिन नव्हतंच. लोकांच्या दबावाखाली वीसहून जास्त राज्यांनी त्याला परवानगी दिली. हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन याने मेक्सिकोत जाऊन ते घेतलं. १९८० मध्ये तो वारला. शेवटी मेयो क्लिनिक आणि इतर केंद्रांनी १७८ रुग्णांवर चाचणी केली आणि १९८२ मध्ये निष्कर्ष छापला: कॅन्सरवर उपयोग शून्य, उलट काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलेलं.

सदाफुलीही झाडाची, जर्दाळूही झाडाचा. दोघांचीही परीक्षा झाली. एक पास झालं, एक नापास.

“बरं, केमो चालू ठेवू, पण सोबत काढा दिला तर काय बिघडतं?” हा मामाचा पुढचा प्रश्न. बिघडू शकतं. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपात उदासीपणावर घेतली जाणारी वनस्पती. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ५ रुग्णांना ती इरिनोटेकान या केमोच्या औषधासोबत दिली. औषधाचं शरीरात जे प्रभावी रूप तयार होतं, ते रक्तात ४२ टक्क्यांनी घटलं. यकृताने औषधाची विल्हेवाट लवकर लावली होती. सलाईनची बाटली तीच, पण औषध जवळपास निम्मंच लागू पडणार.

आणखी एक धोका सावकाश येतो. २०१८ मध्ये येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या. पसरण्याआधीच कॅन्सर सापडलेल्या, पण फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ जणांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट होता. त्यांच्याच दुसऱ्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांसोबत पूरक उपचार घेणाऱ्यांचाही धोका दुप्पट निघाला. कारण त्यांच्यातले बरेच जण पुढे शस्त्रक्रिया, केमो किंवा रेडिएशनचा एखादा टप्पा नाकारत होते. ‘सोबत’ घेतलेली गोष्ट हळूहळू ‘ऐवजी’ होते ती अशी.

म्हणून सगळंच बंद करायचं का? नाही. योग आणि ध्यानाने चिंता, ताण कमी व्हायला मदत होते, हे कॅन्सरतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. आम्ही एक साधी गोष्ट केली. मावशी जे जे घेत होती ते सगळं एका कागदावर लिहिलं: चूर्ण, काढे, हळदीच्या कॅप्सूल, नातेवाइकांनी आणून दिलेल्या गोळ्या. कागद डॉक्टरांसमोर ठेवला. ते चिडले नाहीत. कॅप्सूल बंद, जेवणातली हळद चालेल, प्राणायाम जरूर करा, म्हणाले. गुळवेलीवर काट मारली. २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी छापलेली आहे.

तुमच्या घरी कुणाची केमो चालू असेल तर असा कागद आजच करा. बाटल्यांवरच्या लेबलांचे फोटोही काढून ठेवा. बरेच रुग्ण डॉक्टर रागावतील म्हणून काढ्याचं नावच काढत नाहीत, आणि डॉक्टरांनाही गर्दीत विचारायचं राहून जातं. तो प्रश्न घरातल्या कुणीतरी विचारायचा असतो. बहुतेकदा ते काम फोन हातात असलेल्या आपल्यासारख्यांचंच असतं.