सेव्ह केलं काय बे?

नोव्हेंबर २००२, अमरावती. तुमचं वय एकोणीस आहे आणि उजव्या हाताखाली बॉलचा माऊस आहे. तो मधेच अडतो. तुम्ही न बघता तो उलटा करता, झाकण फिरवता, गोळी तळहातावर घेता आणि आतल्या चाकांवरचा मळ नखानं खरवडता. डोकं हे विसरलं होतं, बोटं विसरली नव्हती.

समोर पंधरा इंची फुगीर मॉनिटर आहे. प्लायवूडच्या आडोशात एक खुर्ची आणि खुर्चीमागे तिघे उभे. कॅफेत पैसे एकाच मशीनचे लागतात, म्हणून खेळतो एक आणि मतं देतात चौघं. पडद्यावर बाल्डर्स गेट आहे, १९९८ सालचा, पाच सीड्यांचा. तुमचा जादूगार फ्रेंडली आर्म इन नावाच्या सराईच्या पायऱ्या चढतोय. पहिल्या लेव्हलचा जादूगार म्हणजे चार-सहाच हिट पॉइंट. पायऱ्यांवरून एक माणूस चौकशी करत पुढे येतो. तो सुपारी घेऊन आलाय हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुम्ही वीसेक वर्षं पुढून आला आहात. मागच्या तिघांना ठाऊक नाही.

"सेव्ह केलं काय बे?"

तुमचं बोट क्यूच्या बटणाकडे निघतं आणि लाईट जाते.

यूपीएस आहे तो फक्त काउंटरवरच्या मशीनला. सकाळपासून चाललेला प्रवास गेला. पाळणाऱ्या बापाचा मृत्यू, जंगलातला लांडगा, वाटेत जोडलेले सोबती, सगळं पुन्हा पहिल्यापासून. कोणी फार हळहळत नाही. सवय आहे. अंधारातल्या वेळेचे पैसे धरत नाहीत, आणि या गावात गेमविषयीची मतं बहुतेक याच वेळात बनतात.

"कायले पायजे हे?" पहिला सुरू होतो. "चार पॉइंटचा बुवा घेऊन फिरून राह्यला. डायब्लो टाक. क्लिक केलं का मेला."

डायब्लोच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि तो ते बोलतो. १९९६ संपून १९९७ उजाडताना आलेला हा खेळ. ट्रिस्ट्रम नावाचं उजाड गाव, गावात पडकं चर्च, चर्चखाली सोळा मजले. प्रत्येक नव्या खेळात मजल्यांची मांडणी बदलते, पेटीतून काय निघेल सांगता येत नाही, म्हणून तो संपत नाही. गावात शिरताच वाजणारी मॅट उएलमनची गिटार त्याला तोंडानं वाजवता येते. तो ती वाजवतो.

जाड चष्मेवाला त्याला मधेच तोडतो. "त्याच्यात रोल कोठी हाये? तू कोण हाये, हे तुले कोणी इचारते काय?"

जगभरचे खेळाडू याच रेषेवर दोन्हीकडे उभे असतात. एका बाजूचे म्हणतात, भूमिका म्हणजे आकडे: ताकद अठरा, चपळाई सोळा, तलवार प्लस दोन. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, भूमिका म्हणजे वागणं. दोघांचा बाप एकच, १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसननं काढलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स. तो चार माणसांनी टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि तोंडानं बोलून खेळायचा. कॉम्प्युटरला फासे लगेच जमले. बोलणं जमायला वेळ लागला.

तुम्हाला एक गोष्ट इथंच, या अंधारात, लक्षात येते. या पोरांना थॅको म्हणजे काय ते कळलेलं नाही. हा आकडा जितका कमी तितका वार लागण्याचा संभव जास्त, आणि चिलखताचाही आकडा जितका खाली तितकं चिलखत चांगलं. हा उफराटा हिशेब जाड मॅन्युअलमध्ये नीट समजावलेला आहे. पण मॅन्युअल खोक्यात असतं आणि अमरावतीत खोकं येत नाही. येते राईट केलेली सीडी, वर स्केचपेननं लिहिलेलं नाव. मग पोरं जड चिलखत उतरवून ठेवतात, कारण ते घातल्यावर आकडा कमी होतो. आणि मरतात. आणि म्हणतात, गेम लय अवघड हाये. जुन्या खेळांच्या अवघडपणाचा जो दबदबा आपल्याकडे आहे त्यातला काही भाग त्या न आलेल्या पुस्तकाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही थॅको समजावून सांगता. तिघे संशयानं ऐकतात. "तुले कसं ठाऊक बे?" पुण्यातल्या आतेभावानं सांगितलं, असं म्हणा. २०२३ सालच्या तिसऱ्या बाल्डर्स गेटबद्दल मात्र बोलू नका. त्यात पडद्यावर वीस बाजूंचा फासा डोळ्यांसमोर घरंगळतो आणि लोक मनासारखं दान पडेपर्यंत पुन्हा पुन्हा लोड करतात, हे यांना पटणार नाही. यांच्याकडे लोड करायला काही उरतच नाही.

आणखी मागचं ऐकायचं तर १९८१ सालच्या विझर्ड्रीचं ऐका. सहा जणांची टोळी, चौकटीच्या कागदावर स्वतः काढायचा नकाशा. कोणी मेला तर फ्लॉपीवर तसं लगेच लिहिलं जाई. देवळात नेऊन उठवायचा प्रयत्न फसला की प्रेताची राख, आणि राखेवरचा प्रयत्नही फसला की तो माणूस कायमचा गेला. शहाणे खेळाडू फ्लॉपीची दुसरी प्रत आधीच काढून ठेवत. नंतर हेच शहाणे जुने खेळ किती निर्दय आणि म्हणून किती थोर होते, हेही सांगत. खेळाडूचं मत ऐकताना त्याच्या खणात किती प्रती होत्या ते आधी विचारावं.

तिसरा इतका वेळ गप्प आहे. त्याच्या खिशात खरंच एक फ्लॉपी आहे. तिच्यावर अल्टिमाचा चौथा भाग, १९८५ सालचा. अख्खा खेळ एका फ्लॉपीत मावतो आणि तो फुकट वाटायला परवानगी आहे. घरच्या जुन्या मशीनवर तो हा एकटाच खेळतो आणि सांगायला लाजतो, कारण चित्रं म्हणजे नुसते ठिपके. यात मोठा खलनायक नाही. रिचर्ड गॅरियटनं असा नायक योजला ज्यानं आठ सद्गुण अंगी बाणवायचे: सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, अब्रू, अध्यात्म, नम्रता. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई पेच टाकते, दोन गुणांतला एक निवडायला लावते, आणि तुमच्या उत्तरांवरून तुम्ही कोण ते ठरतं.

"त्याच्यात एक आंधळी बाई हाये," तो सांगतो. "जादूच्या वनस्पती इकते. किती पैसे दिले ते आपणच टाकाचं. तिले दिसत नाई."

"मंग एक रुपया टाकाचा ना," डायब्लोवाला.

"टाकला. काहीच झालं नाई. लय पुढं गेल्यावर समजलं, सचोटी गेली होती."

कोणी काही बोलत नाही. मग डायब्लोवाला म्हणतो, असा काय गेम असते बे. पण त्याला ते लागलंय.

लाईट येते. जादूगार पुन्हा पहिल्या अंगणात उभा आहे.

मग एके दिवशी, कार्तिकातली जत्रा म्हणून, तुम्ही चौघं एसटीनं कौंडण्यपूरला निघता. एकाच्या मामाचं गाव कुऱ्ह्याकडे आहे, रात्रीची सोय होईल. खिडकीबाहेर कपाशी फुटलीय, वेचणाऱ्या बायांच्या ओट्या भरलेल्या. चष्मेवाला सबंध रस्ता टॉर्मेंटबद्दल बोलतो. १९९९ साल. मुडदेघरात जाग आलेला, मरू न शकणारा, स्वतःचं नाव विसरलेला माणूस. लढाई कमी, वाचणं बेसुमार. तलवारीपेक्षा शहाणपणाचा आकडा वाढवला तर खेळाचं पोट उघडतं. मराठी शाळेतून आलेल्या या मुलानं तो शब्दकोश मांडीवर ठेवून खेळला. इंग्रजीच्या मास्तरांना जे साधलं नाही ते या प्रेतानं साधलं, असं तो म्हणतो. खेळ त्या काळी फारसा खपला नव्हता. ज्यांनी घेतला ते मात्र अजून त्याचं नाव सोडत नाहीत.

यंदा मे महिन्यात आलेला मॉरोविंड यांच्यातल्या कोणाच्याच मशीनवर चालत नाही, बत्तीस एमबीचं ग्राफिक कार्ड लागतं. त्यांचं मत ऐकीव आहे: नकाशावर बाण नाही, लोक तोंडी पत्ता सांगतात, अमक्या दगडापासून डावीकडं, पूल लागला की नदीच्या काठाकाठानं. तुम्ही तो पुढे खेळला आहात. कुऱ्ह्याच्या स्टँडवर एखाद्या बाजीला वाट विचारावी तसंच ते असतं. निम्मं खरं, निम्मं त्याच्या लहानपणचं. आणि समोर उभ्या प्राण्यावर भाला मारूनही फासा म्हणतो, हुकला. हे मला कधीच आवडलं नाही. पत्ता चुकणं सोसतं, डोळ्यांदेखत लागलेला वार हुकणं सोसत नाही.

कौंडण्यपूर. वर्धा नदीचा उंच काठ, टेकाडावर विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ, खाली घाटावर गर्दी. इथूनच रुक्मिणीमातेची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. चारशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतात. रुक्मिणीचं हे माहेर. दमयंती, इंदुमती, लोपामुद्रा याही इथल्याच लेकी, असं गाव मानतं. पायाखालचं टेकाड मातीचं तेवढंच माणसांचं आहे. साठच्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी इथं खोदलं, १९६८ साली अहवाल छापून आला. त्या चरीत क्षणभर उतरा: हाताशी महापाषाणकाळातली काळी-तांबडी खापरं, त्यांच्या वर सातवाहनांचे थर.

मामा सांगतात, देवळापासून थेट अमरावतीच्या अंबादेवीपर्यंत भुयार आहे. डायब्लोवाल्याचे डोळे चमकतात. "किती मजले?"

रुक्मिणीचं हरण नेमकं कुठल्या अंबेच्या देवळातून झालं यावरही इथं वाद आहे. अमरावतीकर अंबादेवीचं नाव घेतात, इथले म्हणतात आमची अंबिका. मामा आणि शेजारचे एक आजोबा त्यावर भांडतात, आणि चष्मेवाल्याला जाणवतं की आपण कॅफेत याच आवाजात भांडत होतो.

रात्री कीर्तन आहे. बसा. पुढे बायका, मागे तुम्ही चौघं, थंडीचे, चादरी घेऊन. आख्यान रुक्मिणी स्वयंवराचं. एकनाथांनी १५७१ साली काशीत याच कथेवर ग्रंथ पुरा केला. बुवांना तो पाठ असावा. पण ते मधेच नळाकडे वळतात, कारण तोही इथलाच जावई. फाशांत राज्य गमावलेला नळ सारथी होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ हाकत येतोय, कुंडिनपुराकडे, म्हणजे याच कौंडण्यपूरकडे. वाटेत राजा बेहड्याच्या झाडाची पानं-फळं एका नजरेत मोजून दाखवतो. नळ रथ थांबवतो, झाड तोडून मोजून बघतो. आकडा बरोबर. मग सौदा होतो: तू मला फाशांचं मर्म दे, मी तुला घोड्यांचं देतो. ते मर्म हाती येताच कली त्याच्या देहातून बाहेर पडतो.

"स्किल ट्रेड केलं," डायब्लोवाला कुजबुजतो. पुढची बाई वळून बघते.

आणि रुक्मिणी. भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला द्यायला निघालाय. ती ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पत्र पाठवते. भागवतातल्या या पत्रात विनवणी आहेच, पण सोबत पुरती योजनाही आहे. अंतःपुरात शिरलास तर माझ्या नातलगांना मारावं लागेल, हे तिनं आधीच ओळखलंय. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी कुलरीतीप्रमाणे मी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला येते, तिथून ने. जागा, वेळ, आणि माहेरचा कोणी मरू नये अशी वाट. तरी रुक्मी मागे धावतोच, कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही अशी शपथ घेऊन. हरतो. कृष्ण तलवार उचलतो आणि ती मधे पडते. रुक्मीचे केस-मिशा अर्धवट भादरल्या जातात, जीव वाचतो. शपथेपायी तो परत येत नाही, भोजकट वसवून तिथंच राहतो.

पत्र एकदा ब्राह्मणाच्या हाती दिलं की ते परत घ्यायला बटण नाही. चांगल्या जुन्या खेळांत हीच धग एखाद्या प्रसंगापुरती लागते. आंधळ्या बाईपुढे एक रुपया टाकताना ती त्या फ्लॉपीवाल्याला लागली होती. एरवी आपण सगळेच दोन फ्लॉप्यावाले. मीही.

कीर्तन संपल्यावर चहाच्या टपरीच्या बाकावर चष्मेवाला जत्रेच्या हँडबिलाची मागची बाजू काढतो. खिशातून पेन्सिल येते. रुक्मिणीची पात्रपत्रिका बनतेय.

"बुद्धी अठरा."

"सतरा. रुक्मी मागं येईन, हे तिले नाई सुचलं."

"सुचलं असन. भाऊच तो, धावनारच. ताकद लिही, नऊ."

"क्लास?"

यावर बराच वेळ जातो. फ्लॉपीवाला म्हणतो क्लास नको, सद्गुण लिहा. त्याचं कोणी ऐकत नाही. शेवटी जादूगार ठरतं, कारण शस्त्र तिच्या हाती कुठंच नाही.

"मंग हिट पॉइंट चार," डायब्लोवाला म्हणतो. "सराईच्या पायऱ्यांवरच मेली थे."

"मरन कशी? लढाई झाली तवा थे रथात बसली होती."

"एक्सपी कायचे देशीन मंग?"

"पत्राचे."

"पत्राचे एक्सपी नसते बे!"

"टॉर्मेंटमदी असते," चष्मेवाला म्हणतो आणि हँडबिल स्वतःकडे ओढतो.