तीन नंबरचे पुस्तक : नगर जिल्ह्यातील मृत्युपत्रे, मृत्युलेख आणि घराण्यांचा माग

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या अभ्यासकापुढे मृत्युपत्र आणि मृत्युलेख ही दोन साधने बहुधा जोडीने येतात. परंतु अहमदनगर, म्हणजेच २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात ती सारख्या प्रमाणात सापडत नाहीत आणि एकाच प्रकारच्या घरांतही सापडत नाहीत. कोणते साधन कोणत्या घरात का निर्माण झाले, याचा उलगडा झाल्याशिवाय त्यातील मजकुराचा अर्थ लागत नाही. म्हणून मजकुरात शिरण्यापूर्वी या कागदांमागचा कायदा आणि समाज यांचा विचार करणे भाग आहे.

जुनी हिंदू मृत्युपत्रे थोडी आहेत, याचे पहिले कारण हिंदू कायद्याच्या रचनेत आहे. मुंबई इलाख्यात प्रामुख्याने मिताक्षरा ही परंपरा मानली जात असे. तिच्यानुसार वडिलोपार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होत असल्याने एकत्र कुटुंबातील पुरुषाला त्या मिळकतीतील आपल्या अविभक्त हिश्श्याची व्यवस्था मृत्युपत्राने लावता येत नसे. ही मुभा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने प्रथम दिली. साहजिकच चारचौघांसारखे मुलगे, भाऊ आणि सामाईक शेती असलेला शेतकरी मृत्युपत्र लिहीतच नसे, कारण त्याला लिहून देण्यासारखे काही उरत नसे. ज्याने लिहिले तो बहुतेक वेळा निपुत्रिक होता, भाऊबंदांपासून विभक्त झालेला होता किंवा त्याने नोकरीत, वकिलीत अथवा व्यापारात स्वकष्टार्जित मिळकत केलेली होती. वंशाच्या सुरळीत चाललेल्या धाग्यापेक्षा तो धागा जेथे तुटला, गुंतला किंवा नव्याने जोडावा लागला, तेथेच जुने मृत्युपत्र हाती लागते. म्हणून त्याला त्या काळातील सर्वसाधारण कुटुंबाचे चित्र समजणे ही अभ्यासकाची मोठी चूक ठरते.

दुसरे कारण लेखी स्वरूपाच्या सक्तीशी निगडित आहे. १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा मुंबई इलाख्यापुरता मुंबई शहरात लागू होता, नगरसारख्या मोफसलात, म्हणजे राजधानीबाहेरच्या मुलखात, तो लागू नव्हता. येथील हिंदूने केलेले मृत्युपत्र लेखी, सहीचे आणि दोन साक्षीदारांचे असलेच पाहिजे, हे बंधन १ जानेवारी १९२७ पासून आले. त्यापूर्वी मरणाच्या अंथरुणावरून चार प्रतिष्ठितांसमक्ष सांगितलेली व्यवस्थाही ग्राह्य धरली जाऊ शकत असे. त्याच नगर शहरातील ख्रिस्ती माणसाला मात्र १८६५ चा भारतीय वारसा कायदा लागू असल्याने त्याचे मृत्युपत्र लेखी आणि साक्षांकित असावे लागे. मृत्युपत्र नसेल, तर त्याच्या मुलीला मुलाइतकाच वाटा मिळे. मुसलमान कुटुंबांत तोंडी वसीयत चालत असे, परंतु वारसांच्या संमतीवाचून ती मिळकतीच्या एकतृतीयांशापुरतीच मर्यादित राही. एकाच गल्लीतील तीन घरांचे मरणोत्तर कागद अशा तीन वेगवेगळ्या कायद्यांनी घडवलेले असत, हे ध्यानात न घेता त्यांची तुलना केली, तर ज्या घरात कागद नाही त्या घरात आस्था नव्हती, असा अन्यायकारक निष्कर्ष निघतो.

मृत्युपत्र हा शब्द रूढ होण्यापूर्वीही अखेरची इच्छा लिहून ठेवण्याची रीत मराठी मुलखात होती आणि तिला पुष्कळदा नुसती ‘यादी’ म्हणत. थोरले माधवराव पेशवे यांनी १७७२ मध्ये थेऊर येथे मृत्यूपूर्वी करवून घेतलेली नऊ कलमांची यादी या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कागद होय. राज्यावरील कर्जाची फेड ही तिच्यातील एक मुख्य चिंता होती. माधवरावांचे चुलते रघुनाथराव यांचा शेवट नगर जिल्ह्यातील कोपरगावच्या परिसरात झाला: सालबाईच्या तहानंतर ते तेथे येऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारले. त्यांच्या निधनानंतर जन्मलेले पुत्र चिमाजी अप्पा यांना १७९६ मध्ये सवाई माधवरावांच्या विधवा पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक देण्यात आले. ते दत्तविधान राजकारणाने लवकरच मोडीत निघाले; तरी तेवढ्या काळापुरते चिमाजी अप्पा कागदोपत्री आपल्याच चुलत पुतण्याचे पुत्र ठरले होते. दत्तकाची नोंद हाती नसताना केवळ ‘अमुक बिन तमुक’ या नावांवरून वंशवृक्ष रचणारा अभ्यासक कसा फसू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही. (‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’, विवाहित स्त्रीच्या बाबतीत ‘कोम’, म्हणजे ‘ची बायको’, असा शब्द येतो.)

सामान्य वतनदार घराण्यांची वंशकथा मात्र यादीत नव्हे, तर भांडणाच्या कागदांत टिकली. पाटीलकी, कुलकर्ण किंवा चौगुलकी अशा वंशपरंपरागत हक्काला वतन म्हणत. त्यावर दोन शाखांनी दावा सांगितला, की प्रत्येक पक्ष आपल्या हक्काची पिढ्यान्‌पिढ्यांची हकिकत सांगणारा ‘करीना’ सादर करी आणि गावकरी, वतनदार व अधिकारी यांच्या गोतसभेने दिलेला निवाडा ‘महजर’ या नावाने लिहिला जाई. पुढे इंग्रजी अमदानीत १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने इनामांची तपासणी आरंभली, तेव्हा इनामदारांना आपली वंशावळ पुन्हा एकदा मांडावी लागली. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, असे कागद मोडी लिपीत आहेत. त्यांवरील वर्ष बहुधा सुहूर सनाचे असते आणि ते अरबी अंकनामांनी लिहिलेले असते. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२, आणि त्यात ५९९ मिळवले म्हणजे इसवी सन १७७१–७२ येते. शोधकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती अशी की १८६९ मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत त्याचा बराच भाग अहमदनगर जिल्ह्यात मोडत होता. त्यामुळे नाशिककडील घराण्याचा कागद नगरच्या नावाखाली आढळला, तर त्यात नवल नाही.

अर्वाचीन काळात या साऱ्या धाग्यांची गाठ एका नोंदवहीत पडते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे जुन्या बोलीतील सब-रजिस्ट्रारच्या, कचेरीत जी पुस्तके ठेवली जातात, त्यांपैकी पहिले पुस्तक स्थावर मिळकतीच्या व्यवहारांचे असून तिसरे पुस्तक मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र यांच्यासाठी राखलेले आहे. या दोन कागदांना कायद्याने एकाच पुठ्ठ्यात बांधावे, यात मोठा सामाजिक अर्थ आहे: मागे मुलगा नसलेल्या माणसापुढे हे दोनच मार्ग होते आणि अनेकदा तो दोन्ही एकदम चोखाळत असे. मृत्युपत्राची नोंदणी मात्र ऐच्छिक असल्याने पुष्कळ मृत्युपत्रे घरच्या पेटीतच राहिली. खरेदीखताच्या सूचीप्रमाणे तिसरे पुस्तक कोणालाही चाळता येत नाही; मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच नक्कल मिळते, त्याच्या मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही ती मिळू शकते, परंतु शोध घेण्याचे काम नोंदणी अधिकारीच करतो. म्हणजेच शोधकाला नाव आणि अंदाजे वर्ष आधीच ठाऊक असावे लागते.

दत्तकामुळे आडनाव आणि गाव कसे बदलते, याचे या जिल्ह्यातील लक्षणीय उदाहरण नेवासे तालुक्यातील तरवडीचे आहे. तेथून दीर्घकाळ निघालेल्या ‘दीनमित्र’ या सत्यशोधक वृत्तपत्राचे संपादक मुकुंदराव पाटील हे सत्यशोधक चळवळीतील अग्रणी कृष्णराव भालेकर यांचे पुत्र, परंतु दत्तक गेल्यामुळे पाटील झालेले. विचारांचा वारसा जन्मदात्या घराकडून आणि नाव दत्तक घराकडून, अशी ही विभागणी केवळ आडनावाचा माग काढणाऱ्याला कधीच दिसणार नाही.

मृत्युपत्राचा मजकूर ठरीव असतो. ‘स्वखुशीने व अक्कलहुशारीने’ लिहून ठेवल्याची ग्वाही, देहाचा भरवसा नसल्याचा उल्लेख आणि मिळकतीच्या चतुःसीमा यांत व्यक्ती फारशी दिसत नाही. ती दिसते अपवादाच्या वाक्यांत: अमुक पुतण्याने आजारपणात सेवा केली, तमुक मुलगा विभक्त राहून विचारीत नाही, विधवा सुनेला हयातीपर्यंत अन्नवस्त्र व राहण्यास एक खण द्यावा, बहिणीला भाऊबिजेची चोळी चुकवू नये. शेवटच्या भागातील निशाण्याही बारकाईने वाचाव्या लागतात. लिहिता न येणाऱ्या पाटलाची किंवा कुणब्याची निशाणी नांगराची, तर बाईची बांगडीची असे, आणि अंगठ्याचा ठसा पुढे सर्रास झाला. नांगराचे ते लहानसे रेखाटन पाहताना त्या माणसाचा हात कागदावर टेकल्याचा प्रत्यय येतो, जो कोणत्याही वंशवृक्षातून येत नाही.

मृत्युलेखाचा इतिहास या जिल्ह्यात वेगळ्या दाराने आला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले आणि १८४२ च्या जूनमध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. मृत व्यक्तीचे चरित्र छापण्याची प्रथा मिशनबरोबरच आलेली होती: नगरच्या आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीतील बाबाजी हे ब्राह्मण गृहस्थ १८३३ मध्ये वारल्यावर मिशनरी हॉलिस रीड यांनी त्यांच्यावर दोन खंडांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि ते १८३६ मध्ये न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाले. मंडळीची बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची पुस्तके, मिशनचे अहवाल आणि नियतकालिकांतील स्मरणलेख यांचा संग्रह हळूहळू वाढत गेला. मुलींच्या शाळांसाठी आयुष्य वेचून १८६२ मध्ये नगरलाच वारलेल्या सिंथिया फरार यांच्यासारख्या परदेशी स्त्रीची आठवण याच कागदांत आहे, आणि त्याच कागदांत जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या देशी शिक्षकांची, बायबल सांगणाऱ्या बायांची व पाळकांचीही आहे.

या लेखनाचे खरे मोल येथे आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती झालेल्यांत महार समाजातील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. ज्यांच्या घरात मृत्युपत्र लिहिण्याइतकी मिळकत नव्हती, त्यांच्यातील एखाद्या शिक्षकाचा जन्म कोणत्या गावी झाला, त्याने कोठे शिक्षण घेतले, त्याच्या आईचे नाव काय होते, हे कोणीतरी लिहून छापले, ही घटना त्या घराण्याच्या इतिहासात क्रांतिकारक होती. अर्थात स्मरणलेखाला त्याचे स्वतःचे वळण असते: धर्मांतरापूर्वीचे आयुष्य तेथे अंधार म्हणून दोन ओळींत उरकले जाते, आणि अखेरच्या क्षणाची शांती सविस्तर येते. त्या दोन ओळींत दडलेले आजोबा, कुलदैवत आणि गावकी अन्यत्र शोधावी लागते. ती शोधता येते, कारण महारकी हेही वतनच होते आणि १८७४ च्या वतन कायद्याखालील नोंदवह्यांत वतनदारांची नावे उतरलेली आहेत. या घराण्यांना कागदच नाहीत, ही समजूत म्हणूनच खरी नाही. दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्या अनाथ मुलांच्या बाबतीत मात्र माग खरोखरच बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी थांबू शकतो.

विसाव्या शतकातील मराठी दैनिकांनी निधनवार्तेला आपला एक साचा दिला आणि तो आजही चालू आहे. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे’ या वाक्यात संख्या असते, नावे क्वचितच असतात. नाव आलेच, तर सरपंच किंवा संचालक असलेल्या मुलाचे येते. तरीही या साच्यातून पुष्कळ काढता येते. स्त्रीच्या नावामागे ‘सौ.’ असेल, तर तिच्या मृत्यूसमयी पती हयात होता, ‘गं. भा.’, म्हणजे गंगा भागीरथी, असेल, तर तो आधी गेलेला होता आणि त्याचा मृत्यू त्या तारखेच्या मागे शोधायचा. दशक्रिया विधी प्रवरासंगमाला की पुणतांब्याला, हे ठिकाणही कुटुंबाचे मूळ गाव कोणत्या बाजूला असेल, याचा अंदाज देते.

अशा निधनवार्तेतील तारीख हाती आली, की उलट दिशेने प्रवास सुरू करता येतो. गाव नमुना १४ या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, नाव आणि जात मिळते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये राज्यभर ही बुके उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वाण आहे, हेही सर्वांना कळले. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत सुरू झाल्यामुळे त्यानंतरच्या मृत्यूंची वारसनोंद फेरफाराच्या पुस्तकात सापडते, आणि त्या फेरफारात ‘मृत्युपत्राप्रमाणे’ असे शब्द आढळले, तर, ते मृत्युपत्र नोंदवलेले असल्यास, तिसऱ्या पुस्तकात शोधायच्या वर्षाचा अंदाज येतो. वाद झाला असेल, तर १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून घेतलेल्या वारस दाखल्याच्या अर्जात सर्व नातलग ओळीने भेटतात. या साखळीत सर्वांत उशिरा आणि सर्वांत कष्टाने हाती येते ते स्त्रीचे माहेर. फेरफार तिला अमक्याची विधवा म्हणतो, वृत्तपत्र तिला परिवारात मोजते, आणि तिच्या बापाचे गाव पुष्कळदा एकाच ठिकाणी लिहिलेले असते: दत्तकपत्रावर साक्ष करायला आलेल्या तिच्या भावाच्या नावापुढे, ‘राहणार’ या शब्दानंतर.